पक्ष, साध्य, सिद्धता

मी : बाई, पायथागोरसच्या प्रमेयात एबीसीऐवजी पीक्यूआर त्रिकोण दिला की पोरं काय करतात?

बाई : आकृती पीक्यूआरची काढतात आणि सिद्धता चौथ्या ओळीपासून एबीसीची लिहितात. गठ्ठेच्या गठ्ठे तपासलेत मी.

मी : आणि गुण?

बाई : आकृतीचे, पक्ष-साध्याचे मिळतात. पुढे नमुना उत्तराशी जुळतील तेवढ्या पायऱ्यांचे.

मी : म्हणजे पाठांतराचेच.

बाई : नावं बदलली तरी न चुकणारी पोरंही त्याच वर्गात असत, आणि प्रमेय त्यांनाही पाठ असे. काटकोनातून कर्णावर लंब टाकायचा हे आपलं आपण सुचलेलं पोर मला भेटलं नाही. आधी कुणीतरी टाकलेला लंब आठवावा लागतो.

मी : पण परीक्षेला या दोघांतला फरक कळत नाही. पुस्तकाबाहेरचं विचारायला हवं.

बाई : विचार की. ज्याचे वडील रोज वही घेऊन बसतात त्याचं निभेल. ज्याची आई दोन पाळ्या करते, त्याच्याकडे तेवढं एक पुस्तक. कुठवर वाचायचं हे निदान त्याला ठाऊक असतं. 'आकलन तपासा' म्हणताना तू बहुतेक तुझ्या घरातल्या गप्पांना गुण मागतोयस.

हे झोंबलं. मी विषय बदलला.

मी : मग काही गुण शिक्षकांच्या हाती द्या. वर्षभर मुलं त्यांच्यासमोर असतात.

बाई : होतेच की, भाषांच्या तोंडीचे २०. २०१९च्या दहावीला काढले, निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१०वर आला. २०२०ला परत दिले, ९५.३०. समज अशी खाली-वर होते?

मी : २०१९ला अभ्यासक्रमही नवा होता. आणि २०२०ला कोरोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही.

बाई : त्याचेही गुण मिळाले! बाकीच्या विषयांची सरासरी काढून.

मी : म्हणजे तोंडीचे गुण खोटेच?

बाई : मीही दिलेत. कविता म्हणताना चळचळ कापणारं पोर समोर उभं. खरे गुण ८. शेजारची शाळा सरसकट १८ देतेय. तू काय लिहिलं असतंस?

मी : १८.

बाई : का?

मी : अकरावीला चांगलं कॉलेज मिळायला हवं त्याला.

बाई : म्हणजे त्याला काय कळलं हे सांगायला तो आकडा नाहीच. रांगेत कुठं उभं करायचं, त्यासाठी आहे. रांगच नको म्हण, मग ऐकते तुझं.

मी : जागा मोजक्या आहेत, बाई.

बाई : मग पाठांतराला कशाला शिव्या देतोस?