अपाय न करणे एवढे पुरे आहे काय?



इंग्लंड-अमेरिकेत 'विक्का' नावाचा एक लहानसा धर्म आहे. त्याचे अनुयायी स्वतःला 'विच' म्हणवून घेतात. हा शब्द ऐकताच तुम्हांस चेटकीण आठवेल. परंतु नावावरून माणसाची किंमत करू नये, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. तेव्हा त्यांची नीती काय आहे, ते पाहू.

इंग्लंडमध्ये १७३५ सालचा चेटूकविषयक कायदा १९५१ साली रद्द झाला. पुढे १९५४ साली जेराल्ड गार्डनर या निवृत्त कस्टम अधिकाऱ्याने पुस्तक लिहून हा पंथ लोकांपुढे मांडला. तो ख्रिस्ती धर्माच्याही पूर्वीपासून गुप्तपणे चालत आला आहे, असे तो सांगे. इतिहासकार ते मान्य करीत नाहीत. पण धर्म जुना म्हणून खरा आणि नवा म्हणून खोटा, असे थोडेच आहे?

एप्रिल १९७४ मध्ये अमेरिकेतील मिनियापोलिस येथे काही अनुयायांनी तेरा तत्त्वे जाहीर केली. आम्ही सैतानाची पूजा करीत नाही, दुसऱ्याच्या दुःखातून सामर्थ्य मिळवू इच्छीत नाही, वंश, वर्ण किंवा लिंग पाहून कोणाला सहभाग नाकारीत नाही, असे त्यांत म्हटले आहे.

त्यांचे सर्वांत प्रसिद्ध वचन याहूनही आटोपशीर आहे. ज्याने कोणाचेही नुकसान होत नाही, ते करण्यास माणूस मोकळा आहे, असा त्याचा आशय. यात पुरोहिताची भीती नाही. विचार ज्याचा त्याने करावयाचा.

परंतु नुकसान मोजावयाचे कोणी? पगार दारूत घालणारा म्हणेल, "मी कोणाला मारले नाही." घरी उपाशी निजलेल्या लेकराला विचारा! शिवाय 'कोणाचेही' यात तो स्वतःही आलाच. दुसरे असे की, विहिरीत मूल बुडत असता काठावरून निघून जाणाऱ्यानेही अपाय केलेला नसतो. मग तो निर्दोष काय? अपाय न करणे हा नीतीचा उंबरठा होय, घर नव्हे. त्या वचनाला इंग्रजीत जो जुना शब्द लावतात, त्याचा अर्थ 'सल्ला' असाच आहे. सल्ला मिळाला तरी विचार करण्याचे काम उरतेच.

अनेक विक्कन असेही मानतात की, केलेले बरेवाईट तिप्पट होऊन परत येते. सर्वांना ते मान्य नाही. तिप्पट फेडावे लागेल म्हणून वाईट टाळणे हा हिशेब झाला, सदाचार नव्हे. आणि हाच नियम उलटा लावला तर? जो दुःखात आहे त्याने पूर्वी पाप केले असलेच पाहिजे, असे म्हणणे सोपे होते. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना हेच ऐकवून गप्प बसविण्यात आले, त्यांना यातील धोका सांगावा लागत नाही. पेरले ते उगवते, हे खरे. पण शेतातले प्रत्येक तण शेतकऱ्यानेच पेरले, असे कोणी म्हणेल काय?

म्हणून तुम्हांस विनंती आहे. आज रात्री घरात मुलांना दोन प्रश्न विचारा. आज आपल्यामुळे कोणाला त्रास झाला काय? आणि ज्याचा त्रास आपण कमी करू शकलो असतो, त्याच्याकडे आपण पाठ फिरविली काय? पहिल्याचे उत्तर लवकर मिळेल. दुसऱ्यासाठी थोडे थांबावे लागेल. तेवढे थांबा.