चढलो ते स्टेशन मोजायचं नाही

24 डिसेंबर 2002 रोजी दिल्लीची मेट्रो सुरू झाली, तेव्हा तिची धाव शाहदरा ते तीस हजारी एवढीच होती. शाहदरा, वेलकम, सीलमपूर, शास्त्री पार्क, कश्मीरी गेट, तीस हजारी. स्टेशनं सहा, मधले टप्पे मात्र पाचच. पहिलीतलं मूल संख्यारेषेवरच्या बेरजेत अडतं ते बहुतेक वेळा या एकाच्या फरकापाशी.

फळ्यावर 0 ते 10 अशी रेषा असते. बाई सांगतात, तीनमध्ये चार मिळव. मूल तीनवर बोट ठेवतं, तिथेच ‘एक’ म्हणतं आणि ‘चार’ म्हणेपर्यंत सहावर पोचतं. वहीत फुली पडते. मला ती फुली अन्यायाची वाटते. मोजणी बिनचूक आहे, फक्त त्याने ठिपके मोजले आणि आपल्याला उड्या हव्या होत्या. उड्या मोजायच्या हे त्याला सांगितलं होतं का? आपल्यालाही कुणी सांगितलं नव्हतं. कधीतरी जमून गेलं, आणि त्यात अवघड काय होतं तेच आपण विसरलो.

गाडीत बसलं की हाच हिशेब सोपा होतो. सीलमपूरला चढून तीन स्टेशनं जायचं असेल, तर शास्त्री पार्क, कश्मीरी गेट आणि तीस हजारीला उतरायचं. सीलमपूर कुणी मोजत नाही, कारण तिथे गाडी हललेलीच नसते.

दिल्लीतल्याच ‘जोडो ज्ञान’ या संस्थेने गणितमाळा शाळाशाळांत नेली. शंभर मणी, दर दहांनंतर रंग बदलणारे. सात दाखवायचे तर सात मणी मागे टाकून पुढच्या फटीत खूण करायची. मग चार मिळवताना मागे पडलेला सातवा मणी पुन्हा मोजला जाण्याची भीती उरत नाही. मोजायचे ते मणी, आणि पोचलो ती फट. छापील रेषेवर या दोन्ही गोष्टी एकाच ठिपक्यावर चढून बसतात.

अमेरिकेत रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना 1 ते 10 घरांचा सरळ पट खेळायला दिला. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात या खेळाने मुलांची संख्यांची समज वाढलेली दिसली; आकड्यांऐवजी नुसते रंग असलेल्या पटाने ती तशी वाढली नाही. सोंगटी तीनवर असताना दोन पडले, तर ‘एक, दोन’ न म्हणता ‘चार, पाच’ म्हणायचं, असा तिथला नियम होता. आपल्याकडे सापशिडीत सगळे ‘एक, दोन’ करत सोंगटी आपटतात. शिवाय त्या पटाची वाट दर दहा घरांनी उलटी फिरते, म्हणजे मुलाची परीक्षाच. तरी खेळू द्यावं. फक्त घरातला आकडा मोठ्याने म्हणायला लावावा.

मेट्रोच्या या रेषेला पुढे आणखी एक गंमत झाली. ती तीस हजारीच्या पुढे वाढलीच, पण 2008 मध्ये शाहदऱ्याच्या मागेही दिलशाद गार्डनपर्यंत गेली आणि 2019 मध्ये थेट गाझियाबादला पोचली. शाहदऱ्याला शून्य म्हटलं, तर मानसरोवर पार्कला काय म्हणायचं, हे एखाद्या चौकस पोराने विचारलं तर त्याला ‘ते सहावीत’ म्हणून गप्प बसवू नये.