खरवडताना

घरच्या घरी गाडी रंगवायची तर पहिले कित्येक रविवार रंगाचा डबा उघडावासुद्धा लागत नाही. लागतो तो पाण्याचा पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश पेपर, बादलीभर पाणी, जुनं बनियन आणि ‘आज दुसरं काही होणार नाही’ हे मान्य करण्याची तयारी. आमच्या पार्किंगमध्ये सध्या नानांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, प्रीमियर पद्मिनी उघडीवाघडी उभी आहे. काचा उतरवलेल्या, बंपर गॅलरीत, दारांची हँडलं बिस्किटांच्या डब्यात. आल्यागेल्याला वाटतं गाडी भंगारात चाललीय. खरं तर ती आत्ता कुठे माणसांत यायला लागली आहे.

दारावरचा एखादा टवका हातात पेपर घेऊन चारी बाजूंनी घासत गेलं, की रंगांचे थर एकाबाहेर एक कडी उमटावी तसे दिसू लागतात. सगळ्यात बाहेर पांढरा, मग राखाडी प्रायमर, मग फिका निळा, मग विटकरी प्रायमर, मग कारखान्यातून आलेला क्रीम आणि अगदी मध्ये रुपयाएवढा चकाकणारा पत्रा. निळा नानांच्या बढतीनंतरचा. पांढरा माझ्या लग्नाच्या आधीचा. वरातीची गाडी बरी दिसावी म्हणून घाईत मारलेला, आणि ती घाई आजही कळते, कारण त्याच्याखाली निळा नीट घासलेलाच नाही. नखानं खरवडला तरी पापुद्रा निघतो. वरचा थर खालच्याला धरून राहायचा तर खालचा आधी घासून खरखरीत करावा लागतो. गुळगुळीतावर काही टिकत नाही.

इथेच पहिला प्रश्न उभा राहतो: कुठवर खरवडायचं? क्रीमपाशी थांबायचं की पत्र्यापर्यंत जायचं?

2022 साली वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे जुने लेप काढले, तेव्हा आतलं रेखीव रूप पाहून कितीतरी भाविक हरखून गेले होते. वर्षानुवर्षं भक्तीनंच झाकलेलं भक्तांसमोर आलं. गाडी खरवडताना मलाही सुरुवातीला असंच काही वाटत होतं, की आत कुठेतरी ‘खरी’ गाडी आहे आणि ती सापडेल. पण लेपाखाली मूर्ती होती. रंगाखाली फक्त पत्रा असतो. आणि उघडा पत्रा तर अजिबात थांबत नाही. सकाळी चांदीसारखा केलेला भाग दमट हवेत एका रात्रीत तांबूस होतो. म्हणून जेवढं उघडं केलं तेवढं त्याच दिवशी प्रायमरनं झाकायचं, हा नियम. मूळ रूप पाहत बसायची सवड नाही.

पद्मिनीचा वंशच तसा थरांचा आहे. मूळची ती इटलीतली फियाट 1100. वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट गाड्या बांधायला घेतल्या. 1964 मध्ये ‘1100 डिलाइट’ आली, आणि तीच गाडी 1974 पासून पद्मिनी नावानं रस्त्यावर धावू लागली. इटलीत ते मॉडेल 1966 लाच बंद झालं होतं. आपल्याकडे ते शतक संपत येईपर्यंत बनत राहिलं, कारण बराच काळ पर्याय जवळजवळ नव्हता. पैसे भरायचे आणि नंबर लागायची वाट पाहायची, तीही वर्षानुवर्षं. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगपाशी हँडल गिअर, पुढं सलग सीट, त्यावर दोन मोठी माणसं आणि मध्ये एक पोर. मुंबईत तिनं काळा-पिवळा रंग घेतला आणि शहराच्या चित्रातच जाऊन बसली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ऑक्टोबर 2003 मधली, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यांवर एकही अधिकृत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. तेव्हा वर्तमानपत्रांत हळहळीचे केवढे लेख आले! ते लिहिणाऱ्यांतल्या कितींनी उन्हाळ्यात त्या टॅक्सीत बसून घाम पुसला होता, कोण जाणे.

ही हळहळ माझ्यातही आहे, हे आधीच सांगून टाकते. मला गाडीचे पोचे आवडतात. स्टिअरिंगवर नानांच्या अंगठ्यांनी झिजलेली जागा आवडते. जुन्या गाड्यांच्या जगात एक पंथच आहे, जो म्हणतो की गाडी अस्सल फक्त एकदाच असते. नंतर तुम्ही तिला कितीही सुंदर करा, ते सुंदर तुमचं, गाडीचं नव्हे. परदेशातल्या मोठ्या प्रदर्शनांत न रंगवलेल्या, उडालेल्या रंगाच्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग असतो आणि त्यांना बक्षिसं मिळतात. हे मी जेवताना मोठ्या उत्साहानं सांगितलं. नाना म्हणाले, “अगं, बक्षीस त्या गाडीला मिळतं जी गॅरेजमध्ये ठेवलेली असते. आपली उन्हापावसात उभी होती.” आणि आमटी वाढायला सांगितली.

नानांना गाडी नवीकोरी हवी आहे. एकही खरचट नको. मला आधी याचं आश्चर्य वाटलं. म्हाताऱ्या माणसाला जुन्याची ओढ असेल असं आपण धरून चालतो. पण नंबर लागायची वाट पाहताना ज्यानं शोरूमच्या काचेतून ती चमक पाहिलीय, त्याच्या आठवणीतली गाडी नवीच असणार. पोच्यांतली गाडी ही आमची, नंतर आलेल्यांची आठवण. दोन्हींतली अस्सल कोणती, याचा निकाल मला तरी लावता येत नाही.

निकाल लागतो तो पत्र्याचा, आणि तो लावतात मिस्त्री. मिस्त्री हे मूळचे टिंकर, म्हणजे पत्रा ठोकून सरळ करणारे. आता वयोमानानं फक्त रविवारी आणि फक्त ओळखीत काम करतात. पहिल्या दिवशी त्यांनी खिशातून फ्रिजवर लावतात तसलं एक लोहचुंबक काढलं आणि गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. बॉनेटवर चुंबक खटकन बसलं. छतावर बसलं. मागच्या डाव्या मडगार्डवर आलं आणि घसरून खाली पडलं. “वहिनी, इथं पत्रा नाही, लांबी आहे,” ते म्हणाले. कुणीतरी कधीतरी गंजलेलं भोक न कापता त्यावर बोटभर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचा लेप, थापून, घासून, रंग मारून दिला होता. लांबी दोन-तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. त्याहून जाड झाली की धक्क्यांनी तडकते, तड्यातून पाणी शिरतं, आणि मग आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही. आम्ही इतकी वर्षं त्या मडगार्डला कौतुकानं पुसत होतो.

गंज हा प्रकार नीट पाहिला की जरा वेगळा वाटू लागतो. आपल्याला वाटतं तो बाहेरून लागतो. दारांचं तसं नाही. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतं. ते जाण्यासाठी खालच्या कडेला बारीक भोकं ठेवलेली असतात. ती धुळीनं, पानांच्या चुऱ्यानं बुजतात. पाणी आत साचतं, पत्रा आतून कुजत जातो, आणि बाहेर रंगाला फोड येतो तेव्हा खरं तर सगळं होऊन गेलेलं असतं. फोड हा आजार नव्हे, आजार संपत आल्याची खूण. त्यात पद्मिनीला वेगळी चासीही नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची ताकद. दाराखालचा पत्रा गेला तर ती नुसती कुरूप होत नाही, लेचीपेची होते. काडी आणि कापूस घेऊन ती बुजलेली भोकं साफ करणं हे या सगळ्या खटाटोपातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम होतं. ते कुणीही, कधीही करू शकलं असतं.

रंग कोणता मारायचा यावर मात्र फार वाद झाला नाही. हल्ली गाड्यांना जो पीयू रंग मारतात त्याची चकाकी उत्तम. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासातून जायला नको, त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, आणि आमच्यावर दुसऱ्या मजल्याचे कपडे वाळत असतात. म्हणून जुना एन.सी., म्हणजे नायट्रोसेल्युलोज, रंग. म्हातारे मिस्त्री त्याला अजून ड्युकोच म्हणतात. 1920 च्या दशकात अमेरिकेत ड्युपाँट कंपनीनं आणलेल्या रंगाचं ते नाव. त्याआधी गाडीला वॉर्निशसारखे रंग देत, ते वाळायला आठवडेच्या आठवडे लागत. नायट्रोसेल्युलोज, म्हणजे बंदुकीच्या बिनधुराच्या दारूचा भाऊबंद, त्यानं तो वेळ तासांवर आणला. थिनर उडालं की रंग वाळला, इतकं सोपं. फक्त हवा दमट असेल तर उडणारं थिनर पृष्ठभाग गार करतं, त्यावर हवेतली वाफ बसते आणि रंग दुधाळ पडतो. म्हणून मृग लागायच्या आत फवारणी संपवायची, असा आमचा कार्यक्रम. पावसानं आमचं पंचांग पाळलं तर.

रंगही क्रीमच ठरला, आणि त्यामागे एक गंमत आहे. आरसी बुकात गाडीचा रंग लिहिलेला असतो. बदलला तर आरटीओत जाऊन नोंद बदलून घ्यायची असते. नानांनी निळा आणि पांढरा दोन्ही वेळा ते केलंच नव्हतं. म्हणजे गाडी रस्त्यावर निळी होती, पांढरी झाली, आणि सरकारदरबारी इतकी वर्षं क्रीमच राहिली. मला अस्सलतेचा एवढा घोर लागला होता, आणि अस्सल गाडी कपाटात, प्लास्टिकच्या पाकिटात होती. (2021 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पन्नाशी ओलांडलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. पण मग ती रोज भाजीला नेता येत नाही. नानांनी हे ऐकून तो विषय बंद केला.)

आता काम सपाटीचं चाललंय. हे मला सगळ्यांत आवडतं. प्रायमर वाळला की त्यावर काळ्या रंगाची अगदी पुसट फवारणी करायची आणि लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून पाण्यानं घासायचं. उंचवट्यावरचं काळं लगेच जातं, खळग्यातलं राहतं. जे डोळ्याला दिसत नव्हतं ते काळ्या डागात उमटतं. मिस्त्री तर तेही पाहत नाहीत. तळव्याखाली मऊ फडकं धरतात, नजर तिसरीकडे, आणि हात दारावरून लांब फिरवतात. “इथं बसलंय,” म्हणतात. मी त्याच जागी हात फिरवला तर मला काही लागत नाही. मग एके दिवशी लागलं. केवढा आनंद झाला! केसाएवढ्या खोलगटपणाचा आनंद. स्वयंपाकात, लिहिण्यात, कुठेच मला इतका खात्रीचा ‘आता जमलं’ असा क्षण आठवत नाही. रंगवलेल्या गाडीकडे पाहून कुणीही चमकेचं कौतुक करेल. त्या हाताचं कुणी करणार नाही, कारण त्यानं जे केलं ते न दिसण्यासाठीच केलं.

तर राहिला प्रश्न पोच्यांचा. मागच्या उजव्या मडगार्डवर एक मोठा पोचा आहे. तो आईंचा, म्हणजे सासूबाईंचा. गाडी शिकताना त्यांनी ती फाटकाच्या खांबाला घातली, ही गोष्ट आमच्या घरात दर गणपतीला, दर लग्नाला, नवीन सून आली की खास तिच्यासाठी सांगितली जाते. मीही ती पहिल्याच आठवड्यात ऐकली. त्यानंतर आईंनी पुन्हा कधी गाडीला हात लावला नाही, हा त्या गोष्टीचा शेवट, आणि त्यावर सगळे हसतात. माझं ठरलं होतं, सगळं सरळ करा पण एवढा पोचा राहू दे. घराचा इतिहास आहे. नवऱ्याचंही तेच मत. नानासुद्धा या एका बाबतीत विरघळले. मिस्त्रींना तसं सांगायला मी खाली गेले, तर आई आधीच तिथे उभ्या.

“हा पहिला काढा,” त्या मिस्त्रींना म्हणत होत्या.

मी म्हटलं, “आई, अहो, तो आठवण म्हणून ठेवायचा ठरलाय.”

“कुणी ठरवलं?”

मला उत्तर सुचलं नाही. मिस्त्रींनीही विचारलं नाही. त्यांनी आतून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरली आणि बाहेरून हातोडीनं हलके ठोके घालायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत पत्रा ताणला गेला होता. ठोकून सरळ होईना, टिचकी मारली की आतबाहेर करी. मग त्यांनी गॅसच्या ज्योतीनं मधली एक जागा लाल केली आणि ओल्या फडक्यानं दाबली. चर्र आवाज झाला, पत्रा आकसला. पुन्हा एकदा, शेजारी. पुन्हा. आई वाफ नाकात जाते म्हणून पदर नाकाला लावून उभ्या होत्या, पण हलल्या नाहीत. पोचा गेला. मिस्त्रींनी फडकं धरून हात फिरवला आणि मान डोलावली. आईंनीही फिरवला.

मग त्या गाडीला वळसा घालून पलीकडे गेल्या, पुढच्या दारावरच्या लांब चरीपाशी थांबल्या आणि मला विचारलं, “हे कुणाचं, माहितीये?”

मला माहीत नव्हतं. त्याची गोष्ट आमच्या घरात कधी कुणी सांगितलेली नाही.

“ह्यांचं,” त्या वर गॅलरीकडे बघत, नानांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या. “मिस्त्री, हे मात्र असू द्या.”