हजेरीपटावरची मुलं

शिक्षक आणि कथाकार समद बेहरंगींचं नाव निघालं की इराणमध्ये आधी त्यांच्या मृत्यूची गोष्ट निघते. 1968 साली, वयाच्या 29व्या वर्षी, ते अरास नदीत बुडाले. शाहच्या ‘सावाक’ या गुप्त पोलिसांनीच त्यांना मारलं, असं अनेकांनी मानलं. सोबतच्या मित्राने तो अपघात असल्याचं सांगितलं. हुतात्म्याच्या या कथेने त्यांच्यातला मास्तर झाकून टाकला, याची मला खंत वाटते.

तब्रीझच्या गरीब घरातले समद 18व्या वर्षी शिक्षक झाले आणि मरेपर्यंत पूर्व अझरबैजानच्या खेड्यांत शिकवत राहिले. समोरची मुलं घरी अझरबैजानी तुर्की बोलत, शाळा मात्र फारसीतून. पहिलीच्या पोराने अक्षरं आणि परकी भाषा एकदमच शिकायची! वर शिक्षणशास्त्र अमेरिकेकडून उचललेलं. प्रशिक्षणात जे शिकवलं ते खेड्यातल्या वर्गात निरुपयोगी आहे, हे समदनी लगेच ओळखलं आणि इराणी शिक्षणावरच्या आपल्या पुस्तकात परखडपणे मांडलं. मुलांना काय शिकवायचं हे ठरवण्याआधी ती कशी जगतात ते पाहा, एवढीच त्यांची मागणी होती. ती मला त्यांच्या सगळ्या राजकारणापेक्षा मोठी वाटते.

त्यांच्या गोष्टी या पाहण्यातूनच आल्या. ओढा संपतो कुठे, हे बघायला निघालेली ‘छोटी काळी मासोळी’ फर्शीद मेस्घालींच्या चित्रांसह जगभर गेली. मासे खाणाऱ्या बगळ्याला मारून ती स्वतः परत येत नाही. मुलांना फक्त गोड गोष्टी सांगू नयेत, मोठ्यांच्या जगातला अंधारही दाखवावा, असं समद मानत.

‘झोप आणि जाग यांतले चोवीस तास’ या कथेत ते फार पुढे जातात. बापाबरोबर तेहरानला आलेला लतीफ फुटपाथवर झोपतो. दुकानातला खेळण्यातला उंट त्याचा जीव की प्राण. तो उंट एक श्रीमंत माणूस मुलीसाठी विकत नेतो, आणि काचेमागची मशीनगन आपली असावी, असं लतीफला वाटतं. लहान मुलाच्या मनात लेखकाने बंदूक पेरावी, हे मला पटत नाही. पण समदच्या वर्गात लतीफच्याच वयाची, तशाच घरची मुलं बसत. त्यांच्यातला राग समदनी निर्माण केलेला नव्हता. हजेरी घेताना तो त्यांना रोज दिसत होता, आणि गोष्टीत तो लपवणं त्यांना खोटेपणाचं वाटलं.