भक्त, विभक्त आणि भात

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर मोठ्या जाऊबाईंच्या मुलानं लिहिलं, "काकू म्हणजे पक्की भक्त!" हल्ली हा शब्द टोमणा झालाय. भक्त म्हणजे डोळे मिटून जयजयकार करणारा. मनाला लागलं. मग शब्दकोश काढून बसले.

'भक्त' हा शब्द संस्कृत 'भज्' धातूपासून आला. त्याचा मूळ अर्थ वाटून देणे, वाटा घेणे. सेवा करणे हाही त्याचाच अर्थ. 'भाग' त्यातलाच आणि 'विभक्त'सुद्धा. गंमत म्हणजे संस्कृतात शिजवलेल्या अन्नालाही 'भक्त' म्हणतात. प्राकृतात त्याचं 'भत्त' झालं आणि मराठीत आपला 'भात'!

म्हणजे वाटून घेतो तो भक्त. इथेच मी अडखळले. दर गुरुवारी मी महाप्रसादाचा भात वाढते. पण खालच्या मजल्यावरच्या जाऊबाईंकडे, घराची वाटणी झाल्यापासून सहा वर्षांत, वाटीभर खीरसुद्धा पाठवली नाही. बाहेर भक्त, घरात विभक्त!

काल वरण-भाताचा डबा घेऊन स्वतःच खाली गेले. जाऊबाई फारसं बोलल्या नाहीत. संध्याकाळी तोच पुतण्या डबा परत द्यायला आला. डबा रिकामा नव्हता.

सद्गुरूंपुढे हात जोडताना आपणही स्वतःला विचारू या, आपल्या ताटातला कुणाचा वाटा द्यायचा राहिलाय?

जय गुरुदेव.
– एक सेविका, इंदूर