व्यापारी नभोवाणी आणि नवें गाणें

“लोकांना जें हवें तेंच आम्ही देतों,” हें वाक्य दुकानदाराच्या तोंडीं शोभतें. शिक्षकाच्या तोंडीं तें तितकेंसें शोभत नाहीं, आणि वैद्याच्या तोंडून ऐकूं आलें तर रोग्याच्या आप्तांनीं दुसरा वैद्य शोधावा हें बरें. मग ज्या लहरी कोणा एकाच्या मालकीच्या नाहींत, त्यांचा वापर करण्याचा परवाना घेऊन जो मनुष्य लक्षावधि घरांत गाणें पोंचवितो, त्या नभोवाणीच्या चालकाला हें वाक्य कितपत शोभतें? तो दुकानदार आहे, कीं शिक्षक आहे, कीं या दोहोंहून निराळा असा कोणी तिसराच आहे? या प्रश्नाचा विचार करण्यास अमेरिकेंतील एक उदाहरण फार उपयोगी पडण्यासारखें आहे. तेथील व्यापारी रेडिओवर नवें रॉक संगीत जवळजवळ ऐकूंच येत नाहीं, अशी तक्रार त्या संगीताचे चाहते निदान वीस वर्षें करीत आहेत.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस रॉक म्हणजे विजेच्या गिटारींचा आणि ढोलांचा गोंगाट वाटत असेल. त्यांच्याशीं आम्ही येथें वाद घालीत नाहीं. त्या संगीताची थोरवी हा आमचा विषय नसून, नवीन वस्तूला लोकांच्या कानापर्यंत पोंचण्याचा कांहीं हक्क आहे कीं नाहीं, हा आहे. आणि हा प्रश्न ख्यालालाही लागू आहे, भावगीतालाही लागू आहे.

रॉक हें रेडिओच्याच मांडीवर वाढलेलें मूल आहे. क्लीव्हलंड शहरांत १९५१ सालीं अॅलन फ्रीड नांवाचा निवेदक रात्रीच्या वेळीं कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या तबकड्या वाजवूं लागला, आणि ‘रॉक अँड रोल’ हें नांव मुख्यत्वें त्याच्यामुळें सर्वतोमुखी झालें. पुढें, तबकडी वाजविण्यासाठीं लांच घेतल्याच्या प्रकरणांत हाच फ्रीड सांपडला व त्याच्या कीर्तीची माती झाली. तेव्हां जुन्या काळीं सर्व कांहीं सोंवळें होतें असें समजण्याचें कारण नाहीं. परंतु खरी मौजेची हकीकत त्यानंतरची आहे. १९६० नंतरच्या दशकांत तेथील दळणवळण आयोगानें असा नियम केला कीं, मोठ्या शहरांत ज्यांच्याजवळ एएम व एफएम अशीं दोन्ही केंद्रें आहेत त्यांनीं एकावरचाच कार्यक्रम दुसऱ्यावर सर्वकाळ लावून ठेवूं नये. एफएमचे श्रोते त्या वेळीं थोडे, जाहिराती त्याहूनही थोड्या. या रिकाम्या जागेंत घालावें काय, असा मालकांस प्रश्न पडला, आणि ज्यांना एरव्हीं कोणी दारांत उभें केलें नसतें अशा तरुणांच्या हातीं ती जागा गेली. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या केएमपीएक्स केंद्रावर १९६७ सालीं टॉम डॉनाह्यू यानें, व पुढील वर्षीं बोस्टनच्या डब्ल्यूबीसीएन केंद्रावर दुसऱ्या कांहीं मंडळींनीं, निवेदकानें स्वतःस पटेल ती तबकडी वाजवावी, मग ती तीन मिनिटांची असो वा वीस मिनिटांची, असा परिपाठ सुरू केला. जेथें पैसा पोंचला नव्हता तेथें स्वातंत्र्य आधीं जाऊन पोंचलें होतें. पुढील दशकांत एफएमला श्रोते मिळाले, जाहिराती मिळाल्या, आणि निवड निवेदकाच्या हातून निघून सल्लागारांच्या यादींत जाऊन बसली.

हेंच नाटक त्यानंतर दुसऱ्यांदा झालें. विद्यापीठांच्या आवारांत विद्यार्थी अल्प शक्तीचीं केंद्रें बिनपगारी चालवीत, आणि आर. ई. एम. सारखे बँड त्यांच्याच आधारानें वाढले. १९८८ सालीं ‘बिलबोर्ड’ या व्यावसायिक साप्ताहिकानें ‘मॉडर्न रॉक’ अशी निराळी यादी छापण्यास आरंभ केला. १९९१ सालीं निर्वाणा या बँडची ‘नेव्हरमाइंड’ ही ध्वनिमुद्रिका निघून ती प्रचंड खपली, आणि मग कोठें व्यापारी केंद्रांनीं या संगीतास आपले दरवाजे सताड उघडले. पेरलें विद्यार्थ्यांनीं आणि कापणी केली व्यापाऱ्यांनीं. यांत आम्हांस विशेष गैर दिसत नाहीं. कापणारा पुढच्या हंगामासाठीं कांहीं बीं राखून ठेवतो कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें असतें.

तें ठेवलें गेलें नाहीं. १९९६ च्या कायद्यापूर्वीं एका मालकास साऱ्या देशांत वीस एएम व वीस एफएम यांहून अधिक केंद्रें बाळगतां येत नसत. त्या कायद्यानें देशव्यापी मर्यादा पार उठविली व मोठ्या शहरांत एकट्या मालकास आठांपर्यंत केंद्रें घेण्याची मुभा दिली. क्लिअर चॅनल या एका कंपनीचा पसारा थोड्याच वर्षांत सुमारें चाळीस केंद्रांवरून बाराशेंच्या घरांत गेला. हीं केंद्रें कर्ज काढून घेतलेलीं असल्यामुळें प्रत्येक तासाचा हिशेब सावकारास द्यावयाचा होता, आणि ज्याला सावकारास उत्तर द्यावयाचें असतें तो अनोळखी गाण्याच्या वाटेस जात नाहीं. वॉशिंग्टनजवळच्या डब्ल्यूएचएफएस या नांवाजलेल्या केंद्रावरील रॉक जानेवारी १९०५ नव्हे, अगदीं अलीकडच्या म्हणजे २००५ च्या जानेवारींत एकाएकीं बंद होऊन तेथें स्पॅनिश गाणीं लागूं लागलीं. बोस्टनचें डब्ल्यूबीसीएन २००९ च्या ऑगस्टांत मालवलें. येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या स्पॅनिशभाषी कष्टकऱ्यांस त्या प्रांतांत स्वतःचा असा आवाज फारसा नव्हता त्यांना तो मिळाला, याबद्दल रॉकच्या चाहत्यांनीं रडत बसणें आम्हांस शोभादायक वाटत नाहीं. दुःख जागा दुसऱ्यास गेली याचें नाहीं. रॉकसाठीं म्हणून जी केंद्रें उरलीं त्यांवरही नव्या रॉकला जागा उरली नाहीं, हें खरें दुःख आहे. आजही अशा केंद्रांवर १९९० नंतरच्या दशकांतील तींच गाणीं पुनःपुन्हा ऐकूं येतात; ज्यांनीं तीं तरुणपणीं ऐकलीं त्यांचीं मुलें आतां तरुण झालीं आहेत.

असें कां होतें, तें गाणें निवडण्याची रीत पाहिली म्हणजे कळतें. कांहीं श्रोत्यांस दूरध्वनीवरून किंवा एखाद्या दिवाणखान्यांत जमवून गाण्याचा सात-दहा सेकंदांचा तुकडा ऐकवितात. तो तुकडा गाण्यांतील सर्वांत ओळखीचा असतो. मग विचारतात : आवडतें? नावडतें? कंटाळा आला? ओळखीचें आहे काय? आतां जें गाणें मुळींच ऐकलेलें नाहीं त्याचा सात सेकंदांचा तुकडा कोणाच्या मनांत काय जागविणार? ही परीक्षा अशी आहे कीं जो विद्यार्थी पूर्वीं उत्तीर्ण झाला आहे तोच तिला बसूं शकतो. २००७ पासून तेथील मोठ्या शहरांत याहून बारीक साधन आलें. निवडक श्रोत्यांच्या अंगावर एक लहानसें यंत्र असतें व तें कोणतें केंद्र त्यांच्या कानीं पडत आहे याची क्षणाक्षणाची नोंद ठेवतें. कोणतें गाणें लागतांच किती जण दुसरीकडे वळले, हें चालकास आतां दिसूं लागलें, आणि ज्या गाण्यावर कोणी वळत नाहीं तें उत्तम गाणें ठरलें.

“लोकांना हवें तें” या वाक्यांतील कच्चा दुवा नेमका येथें आहे. पंगतींत पानावरून कोणी उठून गेला नाहीं, एवढ्यावरून यजमानानें आपला स्वयंपाक सर्वांस फार आवडला असें समजावें, तसा हा प्रकार आहे. न उठणें आणि आवडणें या अगदीं भिन्न गोष्टी होत. मोटार हांकतांना अर्धवट कानानें ऐकलेलें ओळखीचें गाणें मनुष्य बंद करीत नाहीं, कारण बंद करण्याइतकेंही तें त्याला जाणवत नाहीं. उलट, जें गाणें पुढें त्याच्या आयुष्यांतील एक ठेवा होईल, तें प्रथम ऐकतांना त्याला कदाचित् टोंचतें, खटकतें, आणि हात कळीकडे जातो. यंत्र हात गेल्याचें टिपतें. दहाव्या खेपेस तो हात कां थांबला असता, तें त्याला टिपतां येत नाहीं. ज्यांनीं कोणी आपल्या रागसंगीताची गोडी प्रौढपणीं लावून घेतली आहे, त्यांना हें अधिक समजावून सांगण्याची जरूर नाहीं. रुचि ही ऐकण्यानें घडते. तेव्हां चालक जिला लोकरुचि म्हणतो ती बहुतांशीं मागच्या चालकांनीं घडविलेली असते, आणि तो तिच्या व्याजावर नव्हे, मुद्दलावर जगत असतो. हें मुद्दल त्याला फार दिवस पुरलेंही नाहीं : वर सांगितलेली मोठी कंपनी नांव बदलून आयहार्टमीडिया झाली व २०१८ सालीं दिवाळखोरीच्या न्यायालयाच्या आश्रयास गेली, क्युम्युलस ही दुसरी बडी कंपनी तिच्या आधीं कांहीं महिने तेथें पोंचली होती. त्यांच्या कर्जाचा बोजा हें त्याचें मोठें कारण खरें; पण सावधगिरीनें त्यांना तारलें, असें तरी कोणास म्हणतां येणार नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, आतां ज्याच्या त्याच्या खिशांत जगांतील सारें संगीत आहे. ज्याला नवें हवें असेल त्यानें तें शोधून ऐकावें, रेडिओची आठवण कशास काढावी? हा आक्षेप बळकट आहे. तथापि शोधणाऱ्यास जें ठाऊक असतें तेंच तो शोधतो, आणि यंत्राकडून जें सुचविलें जातें तें त्याच्या कालच्या आवडीवरून. रेडिओची देणगी निराळी होती. न मागतां आलेलें, आणि त्याच क्षणीं गांवांतील दुसऱ्या हजारों अनोळखी माणसांच्या कानीं पडलेलें गाणें, ही ती देणगी. दुसऱ्या दिवशीं शाळेंत किंवा कचेरींत “काल रात्रीं तें ऐकलेंत काय?” असें विचारतां येत असे. स्वतःच्या निवडीच्या कोठडींत एकट्यानें ऐकलेल्या उत्तम गाण्यानें हें होत नाहीं.

मग सरकारनें चालकाच्या कानाला धरून चांगलें तें वाजवावयास लावावें काय? या मार्गाचा अनुभव आपल्याच घरीं आहे, आणि तो घेणारे गृहस्थही महाराष्ट्रीयच होते. डॉ. बाळकृष्ण केसकर १९५२ सालीं नभोवाणीमंत्री झाले व त्याच सुमारास आकाशवाणीवरून चित्रपटगीतें नाहींशीं झालीं. शास्त्रीय संगीताला त्यांच्या काळांत जें व्यासपीठ मिळालें त्याबद्दल त्यांचें ऋण मान्य केलेंच पाहिजे. परंतु श्रोत्यांनीं काय केलें? त्यांनीं सुई सिलोनकडे फिरविली. त्या वर्षाच्या डिसेंबरांत तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानी यांचा आवाज घरोघर पोंचला. अखेर १९५७ सालीं ‘विविध भारती’ काढून सरकारास तींच गाणीं आपल्या घरीं आणावीं लागलीं. एका माणसाची रुचि, ती कितीही शुद्ध असो, साऱ्या देशाच्या गळीं उतरवितां येत नाहीं.

तरी पण याच आकाशवाणीच्या पुणें केंद्रानें १ एप्रिल १९५५ रोजीं, म्हणजे रामनवमीस, जें एक काम आरंभिलें त्याची येथें आठवण होते. गदिमांनीं दर आठवड्यास एक नवें गीत लिहावें, सुधीर फडक्यांनीं त्यास चाल लावावी, आणि तें लोकांनीं प्रथम रेडिओवरच ऐकावें, असें वर्षभर चाललें व ५६ गीतांचें ‘गीतरामायण’ उभें राहिलें. त्याच्या आदल्या महिन्यांत महाराष्ट्रांतील श्रोत्यांस सात सेकंदांचा तुकडा ऐकवून “हें तुम्हांस हवें काय?” असें विचारलें असतें, तर काय उत्तर आलें असतें? तें नको होतें असें नव्हे. तें हवें आहे हें लोकांनाच अद्यापि ठाऊक नव्हतें. केसकरांनीं एक वस्तु बंद केली, पुण्यानें एक वस्तु सुरू केली. या दोहोंतील अंतर आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें.

बीबीसीच्या रेडिओ वन केंद्रावर जॉन पील यानें १९६७ पासून २००४ मध्यें मरण येईपर्यंत असेंच काम केलें. त्याचा तास लोकप्रिय केंद्रावरचा, पण त्यांत वाजणारीं गाणीं बहुधा कोणीच न ऐकलेलीं. कधीं तबकडी चुकीच्या गतीनें लागे, आणि श्रोते तेंही चालवून घेत. कारण एक माणूस स्वतःच्या नांवावर, स्वतःच्या जबाबदारीवर, “हें ऐका” म्हणत आहे हें त्यांना कळत असे. सिअॅटलचें केईएक्सपी हें केंद्र आज जाहिरातींच्या ऐवजीं मुख्यतः श्रोत्यांच्या वर्गणीवर नवें रॉक वाजवितें. मात्र हीं दोन्ही उदाहरणें व्यापाराच्या बाहेरचीं आहेत, आणि व्यापारी चालक त्यांच्याकडे बोट दाखवून सुटका करून घेतो : “नवें तिकडे आहेच, मग आमच्याकडे कशाला?” ही सुटका आम्हांस मान्य नाहीं. अमेरिकेच्या १९२७ च्या रेडिओ-कायद्यानें परवाना लोकांच्या हितासाठीं, सोयीसाठीं किंवा गरजेसाठीं म्हणून द्यावयाचा असें ठरविलें. आमच्या सर्वोच्च न्यायालयानेंही १९९५ सालीं लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. सार्वजनिक विहिरीवर मोट लावून आपलें शेत भिजविणाऱ्यानें गाळ मात्र दुसऱ्यानें काढावा असें म्हणूं नये.

म्हणून मागणें आहे तें थोडें आहे. सारा दिवस नको, उत्तमाची सक्ति नको. दिवसांतून एक तास, एका नांवानिशीं ओळखल्या जाणाऱ्या माणसाच्या हातीं, आणि त्या तासापुरतें तें अंगावरचें यंत्र न पाहण्याचें वचन. परवाना देतांना ही अट घालण्यांत कोणाच्याही रुचीवर जुलूम होत नाहीं. तास कोणता, हें मात्र कागदावर लिहून घ्यावें लागेल. कॅनडांत १९७१ सालीं देशी संगीतासाठीं ३० टक्क्यांचा नियम झाला तेव्हां कित्येक चालकांनीं तीं गाणीं रात्रीं उशिरां आणि भल्या पहाटे, लोक झोंपलेले असतांना, वाजवून टक्के भरून काढले. आणि मग आयोगाला दिवसाच्या तासांचा हिशेब वेगळा मागावा लागला.