देऊळ कोणाचे?

दोन भाषांच्या गावात राहणाऱ्याला एक प्रश्न कधीच पुस्तकी वाटत नाही. प्रार्थनेची जागा कोणाची? पिढ्यान्‌पिढ्या तिथे हात जोडणाऱ्यांची, की आज संख्येने अधिक असणाऱ्यांची? या प्रश्नाशी अडखळलो की मला बाल्टिक किनाऱ्यावरील लॅटव्हियाच्या राजधानीतले, रीगाचे डोम कॅथीड्रल आठवते.

१२११ मध्ये बिशप आल्बर्टने त्याचा पाया घातला. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर ते ल्यूथरपंथीयांचे झाले. शतकानुशतके तिथे जर्मनांचा वरचष्मा होता. जमीनदार जर्मन आणि त्यांच्या शेतांवर राबणारे लॅटव्हियन. १९१८ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर आपल्या राष्ट्रीय चर्चचे पीठ या मुख्य मंदिरात असावे, असे लॅटव्हियनांना वाटू लागले. त्यात गैर काय होते?

पण १९३१ मध्ये त्यासाठी सार्वमत घेतले, तेव्हा पुरेसे मतदार आलेच नाहीत. सार्वमत फसले, तरी सरकारने त्याच वर्षी हुकूम काढून कॅथीड्रलवरची जर्मन मंडळीची एकहाती मालकी संपवली. मागणी रास्त होती, रीत मात्र मला खटकते. आणि तितकेच हेही खटकते की, किल्ली हाती असताना जर्मनांनी आपण होऊन दार उघडले नाही.

पुढे काय झाले? १९३९ च्या अखेरीस हिटलरच्या हाकेवरून बहुतेक जर्मन देश सोडून गेले. सोव्हिएत राजवटीत उपासना बंद पडून तिथे संगीतसभागृह झाले. १८८४ चा भव्य ऑर्गन वाजत राहिला, प्रार्थना मुकी झाली. १९८८ मध्ये, राष्ट्रजागृतीच्या दिवसांत, तिथे पुन्हा उपासना झाली. आज ते लॅटव्हियाच्या ल्यूथरन आर्चबिशपचे पीठ आहे.

ज्यांच्यासाठी हुकूम निघाला तेही पुढे उंबऱ्याबाहेर राहिले. म्हणून मला वाटते, ताबा हुकुमाने मिळतो, आपलेपण मिळत नाही. ते दुसऱ्याला विचारून, त्याला जागा देऊनच येते.

आमच्या गल्लीतल्या देवळात मराठी आरतीनंतर शेजारी कन्नड पदे म्हणतात. फलक कोणत्या भाषेत असावा, यावर मात्र दरवर्षी कुरबुर होते. यंदा बैठकीला जाईन तेव्हा मत देण्याआधी मी एवढेच विचारणार आहे : पदे म्हणणाऱ्यांना कोणी बोलावले आहे का?